नर्सबाईंचे काम कोणी मोजायचे?

कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे सरकारने १९९६ मध्ये कागदावरून काढली. पण नर्सबाईला आधी आकडा विचारायचा, ही सवय काही सुटली नाही. किती लसी, किती बाळंतपणे, किती ऑपरेशने? बाईला यातून काय मिळाले, हे त्यात कुठे दिसते?

एक साधा हिशेब करू. भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी भागात ३००० वस्तीला एक उपकेंद्र, असा निकष आहे. हजारी १५ जन्म धरले तर वर्षाला ४५ बाळंतपणे. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात लाख जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. या प्रमाणाने एका उपकेंद्रात साठ-सत्तर वर्षांत एक मृत्यू होईल. तेव्हा "आमच्याकडे एकही बाई दगावली नाही" यावरून नर्सबाईचे काम चांगले की वाईट, काहीच ठरत नाही.

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले. त्या ३९ गावांत हजारी ६२ बालके पहिल्या महिन्यात दगावत. १९९७-९८ पर्यंत हे प्रमाण २५.५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ते होते तिथेच राहिले. घरोघरचा प्रत्येक जन्म-मृत्यू मोजला आणि इतकी गावे एकत्र धरली, म्हणून फरक दिसला.

एका गावात मृत्यू मोजून भागत नाही. तिथे वाट मोजावी लागते. गरोदरपणी रक्तदाब किती वेळा पाहिला? वाढलेला आढळल्यावर मोठ्या दवाखान्यात पोचायला किती दिवस लागले? गाडी मिळाली का, पैसे कोणी मागितले का? यातले बरेचसे रजिस्टरात नसते, बाईलाच विचारावे लागते.

वेल्ह्याला हे नवे नाही. २००७ मध्ये राज्यात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या तालुक्यांत वेल्हे होते. लोकांनीच सेवांना शेरे दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडले. मला यात एक भीती वाटते. जाब विचारायला समोर सापडते ती नर्सबाईच. रिकामे पद, न आलेली औषधे, मधला घाट, सगळे तिच्याच माथी. तीही बाईच ना! म्हणून तक्त्यात दुसरा रकाना हवा: नर्सबाईला काय मिळाले? चालू रक्तदाबयंत्र, औषधे, पावसाळ्यात फिरायला गाडी, मुक्कामाला सुरक्षित खोली.

पुढच्या ग्रामसभेआधी हे दोन रकाने भरू या. कागद आधी नर्सबाईंना वाचून दाखवायचा, मग ग्रामसभेत ठेवायचा.