छपरावरून माणशी जागा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी बजावलंय, 'उपग्रहांवर बोला, पण आजींनाही कळेल असं बोला.' माझं काम उपग्रहाच्या चित्रांवरून इमारती मोजण्याचं. तेव्हा आपलीच बिल्डिंग घेऊ या.

वरून दिसतं ते फक्त छप्पर. मग मजले कसे कळतात? एक तर सावलीच्या लांबीवरून. दुसरं, एकच जागा दोन कोनांतून टिपून. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-१ वर यासाठी दोन कॅमेरे होते, एक थोडा पुढे पाहणारा, एक मागे. आपल्या दोन डोळ्यांना अंतराचा अंदाज येतो, तसंच हे. उंचीला साधारण तीन मीटरने भागलं की मजले आले. आता छपरं ओळखायचं काम संगणक करतो. गूगलच्या २०२३ सालच्या खुल्या माहितीसंचात अशा १८० कोटी इमारती आहेत.

आता हिशेब. आपलं छप्पर ३,००० चौरस फूट धरा. स्टिल्ट सोडून सात मजले, म्हणजे २१,००० चौरस फूट. २८ घरं, १०५ माणसं. माणशी २०० चौरस फूट. (यात जिना, लिफ्ट, भिंती सगळं आलं. चटई क्षेत्राचा वाद पुनर्विकासाच्या मीटिंगसाठी राखून ठेवू!)

भिंतीपलीकडच्या वस्तीत तेवढंच छप्पर घ्या. दहा बाय बाराच्या २५ खोल्या खाली, २५ वर. एकूण ६,००० चौरस फूट. घरटी साडेचार माणसं धरली तर माणशी २७ चौरस फूटही भरत नाही. एक सतरंजी पसरली की जागा संपली. आपल्या वॉचमनकाकांचं आणि अनेकांकडे कामाला येणाऱ्या मावशींचं घर तिथेच आहे. हे काही आपल्या शेजारचंच नाही. २०११ च्या जनगणनेत देशातली ३७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती.

पण हे आकडे मी उपग्रहातून काढलेले नाहीत, हे नीट ऐका. माणसं मी मनाने धरली. वरून माणसं मोजता येत नाहीत. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे जुनेच आकडे नव्या छपरांवर वाटले जातात. युरोपीय संघाच्या जॉइंट रिसर्च सेंटरचा जगाचा लोकसंख्या-नकाशा पाहा. त्यात एका भागाची लोकसंख्या बांधकामाच्या आकारमानाच्या प्रमाणात चौकटींमध्ये वाटतात. जिथे बांधकाम मोठं, तिथे माणसं जास्त. मग आपल्या सात मजल्यांना जास्त माणसं मिळतात आणि वस्तीला कमी. म्हणजे ज्या दाटीचा शोध घ्यायचा, तीच हिशेबात पुसली जाते! पुरात किती लोक हलवायचे, शौचालयं किती लागतील, हे अशा नकाशावरून ठरवलं तर कोणाच्या वाट्याला कमी येईल, ते सांगायला नको.

दुसरी अडचण पत्र्यांची. वस्तीत पत्र्याला पत्रा लागलेला, पावसाळ्यात वर निळी ताडपत्री. संगणक दहा घरांची एकच इमारत करून मोकळा होतो. पोटमाळा तर त्याला दिसतच नाही.

यावर उपाय जुनाच आहे, दारोदार जाऊन मोजायचं. १९८५ साली स्पार्क या संस्थेने मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांची अशी गणना केली. अहवालाचं नावच होतं 'वी, द इनव्हिजिबल', आम्ही अदृश्य माणसं. तेव्हा ना संगणक हाताशी, ना उपग्रहाचं चित्र.

वस्तीतल्या मंडळाच्या पोरांशी माझं बोलणं झालंय. त्यांना त्यांच्या गल्ल्यांची मोजणी हवीच आहे, नळांसाठी अर्ज करायचाय. घरोघरी तेच विचारणार, कारण दार त्यांच्यासाठी उघडतं. आपल्याकडून नकाशाचे प्रिंट आणि चार-पाच जण हवेत, आकडे भरायला. कॉलेजातल्या मुलांनी रविवारी सकाळी आठला मागच्या गेटपाशी यावं. मोजायची टेप सोसायटीच्या ऑफिसात आहे. सेक्रेटरीसाहेब, चावी तेवढी द्या.