धांवपळीच्या घरांतील चूल

स्वयंपाकाविषयीं बोलणारा मनुष्य बहुधा पक्वान्नांविषयीं बोलतो. पुरणपोळी, श्रीखंड, अनारसे यांचे गोडवे गाण्यांत वेळ बरा जातो. परंतु वर्षांतून सणावाराचे दिवस वजा केले म्हणजे जे तीनशेंवर दिवस उरतात, त्यांचें काय करावयाचें हा विचार जिच्या हातांत पळी आहे तिच्यावरच सोंपविलेला असतो. आजचें भाषण त्या उरलेल्या दिवसांविषयीं आहे.

छत्रपति संभाजीनगर शहरांत गारखेड्याच्या बाजूस पुंडलिकनगर ही वस्ती आहे. शहराच्या पश्चिमेस वाळूज, पूर्वेस चिकलठाणा व त्याच्याही पलीकडे शेंद्रा अशा औद्योगिक वसाहती असल्यामुळें येथील पुष्कळ कुटुंबांचा दिवस कारखान्याच्या पाळीवर बांधलेला असतो. घरांतील एकजण पहिल्या पाळीला उजाडण्याच्या सुमारास निघतो. मुलांची शाळा त्यानंतर. गृहिणी स्वतः नोकरीस असली तर तिची वेळ आणखी निराळी. एकाच घरांत तीन घड्याळें चालतात, आणि तिन्ही घड्याळांना डबा मात्र एकाच चुलीवरून पुरवावा लागतो. संध्याकाळीं मंडळी परततात तीं भुकेलीं आणि थकलेलीं. अशा वेळीं बाहेरून कांहीं आणावें असें कोणास वाटलें तर त्यास आळशी म्हणणें हा अन्याय होय. मात्र तें रोज होऊं लागलें म्हणजे खिसा आणि प्रकृति ही दोन्ही कुरकूर करूं लागतात, आणि घरांत दुखणें निघाल्यावर जो वेळ जातो त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

ह्या अडचणीवर साधें जेवण हा उपाय सर्वच सांगतात. पण साधें म्हणजे काय? भाकरीइतकें साधें अन्न दुसरें नाहीं अशी समजूत आहे. आणि घाईच्या घरांत सर्वांत अधिक अडवणूक करते ती भाकरीच. त्याचें कारण पिठांत आहे. गव्हाची कणीक पाण्यानें मळली म्हणजे तिच्यांतील प्रथिनांची एक चिवट जाळी तयार होते. तिला ग्लुटेन म्हणतात. त्या जाळीमुळें कणकेचा गोळा तास दोन तास झांकून ठेवला तरी बिघडत नाहीं, उलट पोळी अधिक मऊ होते. ज्वारीच्या पिठांत ही जाळी होतच नाहीं. म्हणून तेथें कढत पाणी घालून पिठांतील थोडें पिष्ट शिजवून घ्यावें लागतें, आणि त्या उकडीच्या चिकटपणावर भाकरी थापली जाते. हा चिकटपणा फार वेळ टिकत नाहीं. गोळा पडून राहिला कीं त्याला भेगा पडतात आणि भाकरीचा कांठ फाटतो. मराठवाड्यांतील जाणती बाई एका वेळीं एका भाकरीपुरतेंच पीठ मळते, तें ह्याच कारणानें. कणीक थांबते, ज्वारीचें पीठ थांबत नाहीं.

स्वयंपाकांतील प्रत्येक कामाची अशी परीक्षा करून पाहावी. कांहीं कामें थांबणारीं असतात, कांहीं न थांबणारीं. भाजणें, दळणें, निवडणें, भिजविणें, मोड आणणें हीं थांबणारीं कामें. तीं आदल्या रात्रीं, रविवारीं, फार काय महिन्यांतून एकदांही करून ठेवतां येतात. भाकरी थापणें, फोडणी देणें, भाजी परतणें हीं न थांबणारीं. सकाळच्या त्या पाऊण तासांत न थांबणाऱ्या कामांखेरीज दुसरें कांहीं शिरूं देऊं नये, एवढा एक नियम पाळला तर धांवपळीच्या घरांतही ताजें अन्न होऊं शकतें.

हा नियम कोणा परदेशी गृहशास्त्राचा नव्हे. जुन्या बायकांना वेळच वेळ होता म्हणून त्यांना सर्व जमलें, असें हल्लीं सर्रास बोललें जातें; तें खरें नाहीं. पहांटे जात्यावर दळण, मग पाणी, मग गोठा आणि दिवसभर खुरपणी किंवा वेचणी, असा ज्यांचा दिवस, त्या बायकांइतक्या घाईंत आजचीं माणसेंही नसतील. मराठवाड्याचा स्वयंपाक ह्या घाईंतूनच घडलेला आहे. येसर हें त्याचें उत्तम उदाहरण. बाजरी किंवा ज्वारी, गहूं, हरभऱ्याची डाळ अशीं धान्यें खमंग भाजावयाचीं, त्यांत धने, जिरें, मिरें, लवंग, दगडफूल, सुकी मिरची असा मसाला भाजून घालावयाचा आणि सर्व एकत्र दळून डबा भरून ठेवावयाचा. पुढें दोन चमचे पीठ पाण्यांत कालवून लसणीच्या फोडणीवर ओतलें आणि मीठ घालून चांगली उकळी आणली कीं आमटी तयार. धान्य आधींच भाजलेलें असल्यामुळें तें शिजण्याची वाट पाहावी लागत नाहीं, आणि आमटीला दाटपणाही त्यानेंच येतो. लग्नकार्याच्या पंगतींत जी येसराची आमटी मोठ्या चवीनें ओरपली जाते, ती मुळांत अशी वेळ वांचविणारी आहे. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याचा कूट हींही त्याच कुळांतलीं. मेतकूट, तूप आणि गरम मऊ भात हें आजारी माणसाचें जेवण मानतात; पण रात्रीं नऊ वाजतां घरीं आलेल्या धडधाकट माणसासही तें तितकेंच मानवतें.

सकाळच्या न्याहारीस सुशीला आहे. चुरमुरे पाण्यांत बुडवून लगेच पिळून काढावे, कांदा, मिरची व शेंगदाणे यांच्या फोडणीवर परतावे आणि डाळ्यांचें पीठ, मीठ, लिंबू घालावें. पोह्यांपेक्षां हें हलकें, आणि दहा मिनिटांत होतें. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांस हें नांव ऐकून प्रथम हसूं येतें. बशी रिकामी झाल्यावर येत नाहीं.

वरणफळांचा विचार निराळ्या कारणानें करावयास हवा. तुरीच्या पातळ वरणांत चिंच, गूळ, मसाला घालून तें उकळूं लागलें कीं कणकेची पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे त्यांत सोडावयाचे. वरण आणि पोळी एकाच पातेल्यांत शिजतात. ह्या शहरास पैठणच्या जायकवाडी जलाशयाचें पाणी मिळतें. पण नळ रोज न येतां मध्यें कित्येक दिवसांची सुटी घेऊन येतो, हा अनुभव येथील घरांनीं वर्षानुवर्षें घेतलेला आहे. घासावयाचीं भांडीं किती निघतात ह्याचा हिशेब पाककृतीच्या पुस्तकांत नसतो. अशा शहरांतील गृहिणीच्या डोक्यांत तो आधीं असतो. एका पातेल्याचें जेवण हें तिच्या दृष्टीनें पाण्याचेंही जेवण आहे.

आतां यंत्रांकडे वळूं. वाफेच्या दाबानें अन्न लवकर शिजतें हें डेनिस पापिन ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ मध्यें दाखविलें. हिंदुस्थानांत कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० मध्यें आपला इकमिक कुकर तयार केला. त्यांत खालीं कोळशाचा विस्तव आणि वर डब्यांची चळत असे. डाळ, भात, भाजी लावून मनुष्य कामास निघून जाई आणि परत आल्यावर शिजलेलें अन्न मिळे. त्यांत वेळ कमी लागत नसे, पण माणूस मोकळा राहत असे, आणि धांवपळीच्या घरास हा दुसरा लाभच अधिक मोलाचा. दाबाचा कुकर आपल्याकडे १९५९ च्या सुमारास बनूं लागला. छत्रपति संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारें ५७० मीटर उंच असल्यामुळें येथें उघड्या भांड्यांतील पाणी शंभराऐवजीं साधारण ९८ अंशांवरच उकळतें. दाबाच्या कुकरांत तें सुमारें १२० अंशांपर्यंत चढतें, आणि तुरीची डाळ लवकर मऊ होते ती त्यामुळें. शिटी झाल्यावर आंच मंद करावी. मोठ्या आंचेवर शिट्या वाढतात, आंतील उष्णता वाढत नाहीं; वायां जातो तो गॅस.

भट्टींत भाजण्याची कला आपली नव्हे, ती पाववाल्याकडून आली, अशी एक समजूत आहे. तीही तपासून पाहण्याजोगी आहे. विदर्भ आणि मराठवाडा ह्या भागांत गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे आणि त्याबरोबर वांग्याची भाजी हें देवस्थानच्या जेवणावळीचें ठरलेलें अन्न आहे. खानदेशांत बट्टी आहे. ह्या शहरांतील नान-खलिया तर प्रसिद्धच. मुहम्मद तुघलकानें १३२७ मध्यें दौलताबादेस राजधानी हलविली तेव्हां त्याच्या फौजेबरोबर हें अन्न आलें असें सांगतात. त्यांतील नान घरीं करण्याची रीत नव्हती. ती भट्टीवरून आणावयाची. एका भट्टीनें साऱ्या मोहल्ल्याची रोटी भाजावी, ही सोय जगांत पुष्कळ ठिकाणीं होती. आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांनीं ती दिवाळीच्या बिस्किटांत टिकविली: रवा, मैदा, साखर, तूप घरचें, आणि भाजण्याची मजुरी बेकरीवाल्याची. पत्र्याचे डबे घेऊन बेकरीबाहेर रांगेंत उभीं राहिलेलीं मुलें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस ही भागीदारी समजावून सांगावी लागणार नाहीं.

अलीकडे विजेची लहान भट्टी पुष्कळ घरांत आली आहे, आणि ती बहुतेक काळ फडक्याखालीं झांकलेली असते. तिच्यांत केकच करावयाचा असतो, हा त्या दुर्दैवी यंत्राविषयींचा गैरसमज. वास्तविक तव्याजवळ मनुष्यास खिळून राहावें लागतें, तसें भट्टीजवळ लागत नाहीं. तींत वस्तू ठेविली कीं हात मोकळे होतात. रवाळ कणीक, ओंवा, मीठ आणि तुपाचें मोहन घालून घट्ट मळलेले बट्टीचे गोळे २०० अंशांच्या भट्टींत अर्ध्या पाऊण तासांत भाजून निघतात. मध्यें एकदां उलटावे. तेवढ्या वेळांत कुकरांत वरण होतें आणि मुलाचा गृहपाठही पाहून होतो.

कणकेचा पावही असाच. अर्धा किलो कणीक, एक चहाचा चमचा कोरडें यीस्ट, दीड चमचा मीठ, एक चमचा साखर, दोन चमचे तेल आणि सुमारें ३५० मिलिलिटर पाणी एवढेंच साहित्य. शनिवारीं रात्रीं दहा मिनिटें मळून मोठ्या झांकणाच्या डब्यांत घालावें आणि शीतकपाटांत ठेवावें. थंडाव्यानें यीस्टची गति मंदावते, थांबत नाहीं. रात्रभरांत पीठ सावकाश फुगतें व त्यास चव येते. रविवारीं सकाळीं तें तेल लावलेल्या साच्यांत घालून तास दीड तास उबेंत ठेवावें आणि २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटें भाजावें. कणकेंतील कोंडा ती चिवट जाळी ठिकठिकाणीं तोडतो, म्हणून हा पाव मैद्याच्या पावासारखा हलका होणार नाहीं. त्यानें खट्टू होऊं नये. गरम असतां मात्र कापूं नये, आंतील ओलावा स्थिरावण्यास एक तास द्यावा. घरांत मुलें असलीं तर हें शेवटचें काम सर्वांत अवघड.

हें सर्व करावयाचें कोणी? मराठींत पाककृतींची पुस्तकें फार दिवसांपासून आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ चें. परंतु १९७० मध्यें कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ आलें, तेव्हां वाटी आणि चमचा ह्या घरांतल्याच मापांनीं सर्व सांगितल्यामुळें नवख्या मुलीस अंदाजाची धास्ती उरली नाहीं. माप आलें कीं विद्या हस्तांतरित करतां येते. मग ती मुलीपर्यंतच कां थांबावी? चांगला स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस आपण सुगरण म्हणतों आणि तो शब्द स्त्रीलिंगी आहे. पण ज्या सुगरण पक्ष्याचें घरटें पाहून आपण थक्क होतों, त्यांत विणण्याचें काम नर करतो आणि मादी येऊन तें पारखून घेते! दुपारच्या पाळीचा मनुष्य सकाळीं घरीं असतो. भाकरी थापणें त्यास एका दिवसांत येणार नाहीं; परंतु मटकी भिजत घालणें, लसूण सोलणें, कुकर लावणें यांस कोणतीही दीक्षा लागत नाहीं. गृहिणीची सकाळ अर्ध्या तासानें उशिरां सुरू होणें हें पाककौशल्याच्या कोणत्याही कसोटीहून मोठें आहे. वर्षानुवर्षें चार वाजतां उठणाऱ्या बाईच्या गुडघ्यांस आणि कमरेस विचारावें.

आतां उरलेल्या अन्नाविषयीं. भात शिजल्यावरही कांहीं सूक्ष्म जंतूंचे बीजाणू त्यांत जिवंत राहतात; भात उबदार हवेंत तासन्‌तास पडला तर ते वाढतात, आणि त्यांचें विष पुन्हां गरम केल्यानेंही जात नाहीं. वैशाखांत येथील पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून रात्रीचा उरलेला भात ओट्यावर न ठेवतां पसरून निववावा आणि लगोलग शीतकपाटांत ठेवावा. मगच सकाळीं त्याचा फोडणीचा भात करावा. भाकरीचें तसें नाहीं. ती वाळत जाते, लवकर बिघडत नाहीं. शिळी भाकरी हातानें बारीक कुस्करून कांदा, लसूण, हिरवी मिरची यांच्या फोडणीवर टाकावी, पाण्याचा हबका मारावा, झांकण ठेवून एक वाफ आणावी आणि वरून शेंगदाण्याचा कूट पेरावा. पहिल्या पाळीच्या माणसाच्या डब्यांत हा कुस्करा दह्याबरोबर द्यावा. दही मात्र वेगळ्या डबीत.