डोक्यावरची पऱ्हाटी आणि पाठीवरचा पंप

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पऱ्हाटी डोक्यावर गेलेली, फवारा थेट तोंडावर यायचा. प्रोफेनोफॉससारखं औषध नुसतं नाकातोंडातूनच नाही, घामेजल्या सदऱ्यातून कातडीतही मुरतं. हे फार जणांना ठाऊक नसतं, म्हणून पुन्हा सांगते. डब्यावरचा त्रिकोण बघा; लाल असेल तर ते सगळ्यांत जहाल. औषध काठीनं ढवळा. वारा पाठीवर घ्या. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका. लाळ, मळमळ, अंधारी सुरू झाली की पंप उतरवा, कपडे बदला, अंग साबणानं धुवा आणि डबा सोबत घेऊनच दवाखाना गाठा. त्यावरचं नाव वाचून डॉक्टरांना उपचार ठरवता येतात.