तळाशीं पडलेलें अंडें

कोंकणांत ज्याला पाखट म्हणतात, त्याचा एक दूरचा आप्त टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मॅक्वॉरी हार्बर या खाडीच्या तळाशीं राहतो. त्याचें नांव मॉजियन स्केट. शास्त्रज्ञांस तो १९८८ सालीं प्रथम आढळला.

खाडीचें मुख अरुंद. वर नद्यांचें तपकिरी गोडें पाणी, खालीं जड खारें. त्यामुळें तळाशीं प्राणवायु मुळांतच बेताचा. त्यांत सामन माशांची पिंजऱ्यांतील शेती आली. त्यांची विष्ठा व उरलेलें खाद्य कुजतांना तो आणखी खर्चीं पडतो. मोठा मासा वर सरकेल. अंड्यानें कोठें जावें? चामड्यासारख्या कोशांतलें पिल्लूं सात महिन्यांहून अधिक काळ तेथेंच पडून असतें!

२०१४ ते २०२१ या काळांत जाळ्यांत येणाऱ्या स्केटांचें प्रमाण सुमारें ४७ टक्क्यांनीं घटलें. २०२५ च्या अहवालांत तें पुन्हां २०१४ च्या आसपास दिसलें, हें खरें. पण त्याच वर्षीं संसदेनें कायदा बदलून सामनशेतीचा मार्ग मोकळा केला. रोजगाराचा प्रश्न लटका नव्हे. तथापि पाण्यांत प्राणवायु सोडण्याचे प्रयोगही तेथें चालू करावे लागले आहेत, आणि २०२३ पासून कांहीं मासे व अंडीं टाक्यांत सांभाळलीं जात आहेत.