साल कुणाचं?



जिजाऊ तुमच्या सिंदखेडराजाच्या. त्यांच्या शिवबानं १६७४ ला छत्र धरलं अन् लगेच राज्याभिषेक शक सुरू केला. तख्त आपलं तर सालही आपलं! १८१८ ला राज्य बुडालं, शकही मागं पडला.

भिंतीवरचा शालिवाहन शक इ.स. ७८ पासूनचा. शालिवाहन म्हणजे सातवाहन, असं सांगतात. पण नाशिकच्या लेण्यांत सातवाहन आपापल्या राज्याची वर्षं मोजतात. हा शक वापरला क्षत्रपांनी, म्हणजे त्यांच्या वैऱ्यांनी. शालिवाहनाचं नाव चिकटवलं हजारेक वर्षांनी.

हे झालं राजांचं. माझ्या आजीला जन्मसाल नाही. लेकीचं विचारलं तर म्हणते, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडत होते, तवा ती पोटात." असलं साल गोदीच्या फॉर्मात बसत नाही. म्हणून आमची अर्धी वस्ती १ जूनला जन्मली, मास्तरच्या टाकातून!

बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षं झाली म्हणून १९५६ ला जगभर सोहळे झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली. पाच महिन्यांनी, २२ मार्च १९५७ ला, सरकारनं राष्ट्रीय पंचांग काढलं: १ चैत्र १८७९. पुन्हा शकच.

आपल्यातले काही लग्नपत्रिकेवर बुद्धवर्ष छापतात. छापा. पण घरातल्या म्हातारीचं दुष्काळाचं सालही वहीत उतरवून घ्या, ती आहे तोवर.