मधुमेह, दृष्टिपटल आणि आपले कर्तव्य
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)

सन्माननीय अध्यक्ष महोदय, विश्वस्त मंडळाचे सदस्य, देणगीदार बंधुभगिनींनो आणि रुग्णांच्या आप्तेष्टांनो,

आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हे. हिशेब व व्यवस्था पाहणे हे आमचे काम. तथापि नेत्रविभागाच्या खर्चासंबंधी एक विचार आपल्यापुढे मांडीत आहोत.

मधुमेहामुळे दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या क्षीण होतात व त्यांतून द्रव झिरपतो. पुढे रक्तपुरवठा कमी पडला की नव्या नाजूक वाहिन्या निर्माण होतात. त्या फुटल्यास दृष्टी अचानक जाऊ शकते. आरंभी मात्र डोळा दुखत नाही आणि बहुधा स्वच्छ दिसतही असते. म्हणूनच ‘मला तर नीट दिसते, मग तपासणी कशाला?’ असे रुग्ण विचारतात.

या प्रश्नाचे उत्तर छायाचित्र देते. १८५१ साली हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रदर्शक यंत्र तयार केले, तेव्हापासून जिवंत माणसाचे दृष्टिपटल पाहणे वैद्यांना साधले. आज फंडस कॅमेरा काही मिनिटांत त्याचे चित्र टिपतो, तर १९९१ साली जगापुढे आलेले ओ.सी.टी. तंत्र पडद्याचे थर व त्यांवरील सूज दाखविते.

भारतातील चाळिशीपुढील मधुमेहींच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभरांपैकी सुमारे १२ जणांना हा विकार आढळला. सुमारे ४ जणांची दृष्टीच धोक्यात होती.

परंतु चित्राने दृष्टी वाचत नाही. त्यानंतरच्या उपचाराने वाचते. लेसर उपचार मुख्यतः उरलेली दृष्टी राखतो, गेलेली परत आणीत नाही. सुजेवरील इंजेक्शने महाग असतात आणि पुनःपुन्हा घ्यावी लागतात. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास अंधूक दिसते, म्हणून सोबत माणूस लागतो. म्हणजे एका खेपेस दोघांची मजुरी बुडते आणि दोघांचे एस.टी.चे भाडे लागते. गरीब घरातील रुग्णाचे उपचार येथेच खंडित होण्याची भीती असते.

यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, एस.टी.च्या तिकिटावर येत नाही. तरीही आमची विनंती अशी की, यंत्रांसाठी आपण देता त्याच उदार हाताने प्रवासखर्च, पुढील इंजेक्शने आणि रुग्णांना तारखेची आठवण करून देणारा सेवक यांसाठीही साहाय्य करावे. पाठपुराव्याविना कॅमेऱ्यावरील खर्च अपुराच ठरतो.

आप्तेष्टांना इतकेच सांगणे की, प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाचे निदान होताच डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा व त्यानंतर सामान्यतः दरवर्षी तपासावा. मधुमेही स्त्रीने गर्भारपणी ही तपासणी लवकर करावी. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवावा. घरातील वडीलधारी मंडळी ‘दिसते आहे’ म्हणाली, तरी त्यांना तपासणीस अवश्य घेऊन यावे.