आरोपावाचून बंदिवास

(भुशी, तालुका मावळ, येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या भुशीचे धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले गेले, हे येथील मुलांनाही ठाऊक आहे. त्याच रेल्वेच्या मार्गाने दिनांक ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईहून एक खास गाडी बोरघाट चढून, लोणावळा मागे टाकून पुण्याकडे गेली, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. त्या गाडीत पहाटे पकडून आणलेले राजकीय पुढारी होते. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान राजवाड्यात नेण्यात आले. काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्या बंदींमध्ये काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. असफअली आणि डॉ. सय्यद महमूद हेही होते. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते, खटला नव्हता, आणि सुटकेची तारीखही नव्हती.

मौलाना आझादांना असा बंदिवास नवा नव्हता. पहिल्या महायुद्धात १९१४ साली तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरला, आणि तेव्हापासून लिहिणारा, बोलणारा मुसलमान सरकारच्या डोळ्यांत सलू लागला. १९१५ साली भारत संरक्षण कायदा आला. त्याच वर्षी त्या कायद्याखाली ‘कॉम्रेड’ पत्राचे संपादक महंमद अली व त्यांचे बंधू शौकत अली यांना प्रथम मेहरौली, मग लॅन्सडाउन आणि शेवटी छिंदवाडा येथे स्थानबद्ध करण्यात आले. छिंदवाडा म्हणजे आपल्या विदर्भाच्या शेजारचा जिल्हा; २०२३ पर्यंत त्यात असलेल्या दक्षिणेकडील सौंसर भागात मराठी बोलली जाते. १९१६ साली ‘अल्-हिलाल’कार आझादांना बंगालबाहेर घालवून रांचीस अडकवून ठेवले गेले. हे तिघेही १९१९ साल सरत येईपर्यंत सुटले नाहीत. महायुद्ध मात्र १९१८ च्या नोव्हेंबरातच थांबले होते.

येथे कायद्याचा एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. शिक्षा ही घडलेल्या कृत्याबद्दल असते. स्थानबद्धता ही पुढे काही घडेल या संशयाबद्दल असते. कृत्य शाबीत करावे लागते, साक्षीदार उलटतपासणीस उभे राहतात, आणि ठोठावलेली मुदत कधीतरी संपते. संशयाला पुरावा लागत नाही. म्हणूनच त्याला मुदतही नसते. चोराला आपली सुटका केव्हा आहे हे ठाऊक असते, संपादकाला नसते. हा कोणता न्याय?

हे हत्यार केवळ मुसलमानांसाठी घडविलेले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. बंगालचा १८१८ चा तिसरा रेग्युलेशन आणि मुंबई इलाख्याचा १८२७ चा पंचविसावा रेग्युलेशन ही त्याची जुनी रूपे. १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंना खटल्यावाचून उचलले गेले, ते या दुसऱ्याच रेग्युलेशनखाली. पहिल्या महायुद्धात त्यात एका नव्या विषाची भर पडली. माणसाने काय केले यापेक्षा तो कोणत्या धर्माचा, त्याचे मन कोणाकडे झुकत असेल, यावर नजर ठेवली जाऊ लागली. आपल्या समाजाला हे विष परके नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींतील मूल जन्मताच संशयित ठरविले, आणि तो कायदा देशातून १९५२ सालीच गेला. जन्मावरून माणसाची लायकी ठरविणारी बुद्धी आणि जन्मावरून त्याचा गुन्हा ठरविणारी बुद्धी या दोन नाहीत, एकच आहे.

आता दुसरा मुद्दा. सरकारने अली बंधूंपुढे १९१७ साली सुटकेसाठी लेखी हमीची अट ठेवली. आपल्या धर्मनिष्ठेला बाध येणार नाही, एवढी पुस्ती त्यांनी तीत जोडली. सरकारला ती मानवली नाही आणि सुटका राहिली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनासाठी मुस्लिम लीगने महंमद अलींना अध्यक्ष निवडले, तेव्हा अध्यक्ष छिंदवाड्यात होते. अली बंधूंचे सर्वच राजकारण तुम्हांला पटावे असे मी म्हणत नाही. मलाही ते पटत नाही. परंतु हक्क हा पटणाऱ्या माणसापुरता असेल, तर तो हक्क नसून बक्षीस आहे.

अशा बंदिवासाची किंमत एकटा बंदीच भरतो असे नाही. आझाद अहमदनगरात असताना कलकत्त्यास त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम आजारी पडल्या आणि ९ एप्रिल १९४३ रोजी निधन पावल्या. पतीला त्यांचे अंत्यदर्शनही घडले नाही. मौलाना किल्ल्यात आपल्या स्नेह्याला पत्रे लिहीत राहिले, पण ती टपालात पडली नाहीत. पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या ग्रंथरूपाने ती लोकांपुढे आली.

त्यानंतर तेराच दिवसांनी, २२ एप्रिल १९४३ रोजी, फेडरल कोर्टाने केशव तळपदे यांच्या प्रकरणात निकाल दिला. भारत संरक्षण नियमांतील २६ वा नियम हे युद्धकाळातील स्थानबद्धतेचे मुख्य शस्त्र होते. मूळ कायद्यात वाजवी संशयाची अट होती. नियमाने ती गाळून सरकारचे केवळ समाधान पुरेसे मानले. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी तो नियम कायद्याच्या मर्यादेबाहेरचा ठरविला. मग बंदिशाळांची दारे उघडली काय? नाही. आठवड्याभरात वटहुकूम निघाला आणि कायदाच मागील तारखेपासून बदलला गेला. न्यायालयाने दाखविलेली फट सरकारने लेखणीच्या एका फटकाऱ्याने बुजविली.

अहमदनगरच्या किल्ल्यात हे पुढारी बंद होते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि काँग्रेसशी त्यांचा उघड विरोध होता. हे लपविण्याचे कारण नाही. त्याच बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे १५-अ हे कलम मांडले. तेच आजचे २२ वे कलम. अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे ही बंधने राज्यकर्त्यांवर घटनेनेच घातली, म्हणजे ती वटहुकमाने उडविता येऊ नयेत.

परंतु प्रतिबंधक स्थानबद्धतेला ही बंधने लागू नाहीत, आणि ही उणीव त्याच कलमात आहे. तेथे तीन महिन्यांपुढे ठेवण्यास सल्लागार मंडळाचे मत लागते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ही मुदत दोन महिन्यांवर आणली खरी, पण तो भाग आजतागायत अंमलात आणलेला नाही. १९७६ साली आणीबाणीत सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने स्थानबद्धांना न्यायालयाचे दारच बंद केले. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध उभे राहिले. तो निकाल चुकीचा होता, हे त्याच न्यायालयाने म्हणावयास २०१७ साल उजाडले.

युद्धात राज्याने आपले रक्षण करू नये काय, असे कोणी विचारील. अवश्य करावे. परंतु ज्याच्याविरुद्ध पुरावा आहे त्याला न्यायासनापुढे उभे करण्याने राज्य दुबळे होत नाही. पुरावा दाखविण्यास जे राज्य भिते, ते शत्रूपेक्षा आपल्याच प्रजेला अधिक भिते.

म्हणून वाचकहो, उद्या कोणाला खटल्यावाचून नेल्याची बातमी वाचाल, तेव्हा त्याचे नाव कोणत्या धर्माचे वा जातीचे आहे, हे प्रथम पाहू नका. तीन प्रश्न विचारा. आरोप काय? कायदा कोणता? त्याचे म्हणणे ऐकणार कोण? हे प्रश्न ज्याच्याशी आपले पटत नाही त्याच्यासाठी विचारण्याची सवय समाजाला लागली पाहिजे. ती नसेल, तर आपल्यासाठी ते विचारणारा उद्या कोणी मिळणार नाही.